पिन वाकवली होती का?

मिस्त्रींनी आयुष्यात पुष्कळ इंजिनं उघडली आणि विसरूनही गेले. जावयाच्या वखारीतल्या ट्रॅक्टरचा वेग आवरणारा गव्हर्नर मात्र ते रोज मनातल्या मनात उघडत आणि पुन्हा जोडत. अंघोळ करताना, जेवताना, कुणी समोर बसून बोलत असतानासुद्धा. जुना बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते ती धातूची नळी, ठोकून बाहेर काढला. नवा बसवला. दांडीचं टोक त्यात सरकवलं, मधून पिन घातली, पिनेच्या टोकाच्या भोकात स्प्लिट पिन घातली. आणि मग? मग पक्कडीने तिचे दोन्ही पाय वाकवायचे असतात, म्हणजे ती निसटत नाही. ते वाकवले होते का?

इथे आलं की आठवण बंद पडायची. त्या वेळी कुणीतरी चहा आणून ठेवला होता, जावई काहीतरी विचारत होता, आपण हसून उत्तर दिलं होतं, हे सगळं लख्ख आठवे. पक्कड हातात घेतल्याचंही आठवे. पाय वाकवल्याचं आठवत नसे.

"अहो, घास हातात घेऊन किती वेळ बसणार?" बायको म्हणे. ते घास तोंडात घालत. पुन्हा बुशपासून सुरुवात.

तो ट्रॅक्टर शेतात जायचा कधीच थांबला होता. जावई आणि त्याचा थोरला भाऊ मिळून लाकडाची वखार चालवत. तिथे एका शेडखाली ट्रॅक्टरची चाकं ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती आणि इंजिनाच्या पुलीवरून निघालेला रुंद पट्टा गोल करवतीला फिरवायचा. अशा कामात सगळी मदार गव्हर्नरवर. ओंडका पात्यावर आला, इंजिन दबायला लागलं की गव्हर्नरची स्प्रिंग इंधन वाढवते. ओंडका कापून मोकळा झाला, इंजिन पळायला लागलं की आतली फिरती वजनं त्या स्प्रिंगला मागे खेचतात आणि इंधन तोडतात. स्प्रिंग आणि वजनं यांची ही रस्सीखेच बरोबरीची राहिली तर इंजिन एका सुरात चालतं.

"बाबा, इंजिन झुलतंय, वेग सारखा वरखाली होतोय," असं सांगत जावई आला होता. हा माणूस धिप्पाड, पण बोलण्याआधी हसायचा. सासरे आले की उभा राहायचा आणि बसा म्हटल्याशिवाय बसायचा नाही. मिस्त्रींची बायको म्हणायची, "ह्याला तुम्ही रागावलात तरी तो वर आभार मानेल." मिस्त्री गेले, गव्हर्नरचा झिजलेला बुश बदलला, पिन बदलली. इंजिनाचं झुलणं थांबलं. निघताना ते म्हणाले होते, "स्प्रिंग पण थकलीय. अशी आता सहजी मिळत नाही. मी शोधतो. तोवर जाड ओंडके लावू नका, इंजिन दम टाकेल."

"बरं बाबा," जावई म्हणाला होता.

ती स्प्रिंग शोधायची राहून गेली. आज बघू, उद्या बघू.

आणि मग एका सकाळी करवतीतून ओंडका कापून निघाला आणि इंजिनाचा आवाज खाली यायच्या ऐवजी वर चढायला लागला. मिस्त्रींची लेक वखारीच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. वर्कशॉपमध्ये वाढलेली मुलगी ती. आवाज ऐकल्याबरोबर तिच्या हातातली चादर गळाली. ती धावत पुढे येईपर्यंत सगळं संपलं होतं. थोरला भाऊ बाहेरच्या बाजूला पळाला होता, जावई आतल्या बाजूला, ट्रॅक्टर बंद करायला. तो तिथवर पोचायच्या आतच पातं फुटलं. इंजिन त्यानंतरही किंचाळत होतं. शेवटी थोरल्याने भुशाचं पोतं हवेच्या नळकांड्यावर दाबून धरून त्याचा श्वास कोंडला.

तपासणीला आलेल्या माणसाने पत्र्याच्या फटीतून टॉर्च मारली, गव्हर्नरने काम केलं नाही एवढं सांगितलं आणि तो निघून गेला. मग जो तो एकच विचारायला लागला. त्याला शेवटचा हात कुणाचा लागला होता?

लेक एक अक्षर बोलली नाही. तिने आरडाओरडा केला असता तर मिस्त्रींना सोसवलं असतं. जावयाच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तिने डोकं बाजूला घेतलं. इतकं हळूच, की कुणाच्या लक्षातही आलं नाही. मिस्त्रींचा हात हवेत राहिला. त्यानंतर ती माहेरी आलीच नाही.

म्हणून त्या दिवशी ती वर्कशॉपच्या दारात उभी दिसली तेव्हा मिस्त्रींना आधी खरंच वाटलं नाही. वाळली होती. केस कसेतरी बांधलेले. लहानपणी ती याच दारापाशी उलट्या खोक्यावर बसून असायची आणि बापाचं काम तपासायची. "बाबा, तो नट राहिला." "बाबा, वॉशर खाली पडलाय." म्हणून मिस्त्री तिला इन्स्पेक्टर म्हणत. इन्स्पेक्टरने पास केल्याशिवाय इंजिन दाराबाहेर जात नाही, असं गिऱ्हाइकांना सांगत.

"ये," ते म्हणाले. "आत ये ना. आई घरी आहे, तिला सांगतो—"

"नको. बाबा, ट्रॅक्टर उघडायचाय."

मिस्त्री हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

"थोरले भाऊजी विकतायत तो. उद्या घेणारा येणार आहे. आज ना उद्या तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहील. त्याच्या आधी मला बघायचंय काय झालं होतं ते."

"दुसऱ्या कुणाला तरी—"

"दुसरा कुणीतरी येऊन मला कायतरी सांगणार आणि मी ते ऐकून घेणार? तुम्हीच उघडायचा. मी शेजारी उभी राहणार. ज्याला हात लावाल त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, पूर्वी घ्यायचात तसं. खोटं बोललात तर मला कळतं."

"मी कशाला खोटं बोलू?"

"तेच म्हणतेय," ती म्हणाली.

मिस्त्री घरात हत्यारांची पेटी आणायला गेले तेव्हा बायकोने वाट अडवली. तिने सगळं ऐकलं होतं.

"नका जाऊ. पिन तुमच्याकडूनच राहिलेली निघाली तर?"

"तर निदान कळेल."

"कळून काय करणार तुम्ही? सांगा ना, काय करणार?"

मिस्त्रींनी पेटी उचलली. ते तिच्या बाजूने वाट काढून बाहेर आले. बापलेक रस्त्याच्या एकाच कडेने चालत गेले, पण बरोबर नाही. ती पुढे, ते मागे. पेटी जड होती. एरवी तिने एक बाजू धरली असती.

वखारीत करवत बंद होती. फुटलेल्या पात्याच्या जागी नुसती खाच राहिली होती आणि तिच्यात पाला साठला होता. ट्रॅक्टरवर ताडपत्री होती. थोरला ओंडक्यांच्या ढिगावर बसला होता. मिस्त्रींना बघून तो उठला नाही, या म्हणाला नाही. नुसता तोंड फिरवून बसला.

लेकीने ताडपत्री ओढली. भुशाचा ढग उडाला आणि मिस्त्रींना ठसका लागला.

"बॉनेटचा बाजूचा पत्रा," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "बोल्ट गंजलेत. तेल सोडतो." तेल सोडलं, थांबले, पान्याने एकेक बोल्ट सैल केला. पत्रा उचलून बाजूला ठेवला. आतल्या सगळ्यावर तेलात भिजलेल्या भुशाची जाड साय बसली होती. कुठला भाग कुठला ते ओळखू येत नव्हतं.

"हे कार्बोरेटर. ही त्याच्याकडे जाणारी दांडी." त्यांनी चिंधी रॉकेलमध्ये भिजवली. "दांडी सरळ आहे. वाकलेली नाही. हा गव्हर्नरचा डबा. हा त्याचा बाहेरचा हात. हात हलतोय." त्यांनी बोटाने तो हलवून दाखवला. "अडकत नाहीये. आणि ही... ही पिन."

ते थांबले. चिंधी त्या जागेवर धरलेली, पण पुसायला धीर होईना. इतके महिने ज्या एका जागेपाशी येऊन मन अडत होतं, ती जागा त्यांच्या अंगठ्याखाली होती.

"पुसा," लेक म्हणाली.

त्यांनी पुसलं. भुसा निघाला, खालचं काळं तेल निघालं आणि पिनेचं टोक दिसलं. त्यात स्प्लिट पिन होती. दोन्ही पाय वाकवलेले, एक इकडे, एक तिकडे, नीट चापून बसवलेले. मिस्त्रींची सवय होती तशीच, डावा पाय उजव्यापेक्षा जरासा जास्त वळवलेला.

"आहे," मिस्त्री कुजबुजले. मग मोठ्याने, "आहे! वाकवलेली आहे! बघ, बघ ना, दोन्ही पाय!"

लेक पुढे वाकली. तिने नखाने पिन हलवून बघितली. हलली नाही. "हो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. बापाकडे तिने किती दिवसांनी सरळ बघितलं. "मग? मग का पळालं ते?"

आता मिस्त्रींच्या हाताला जोर आला. ते भराभर पुसत सुटले. भागांची नावं घ्यायचंही विसरले. डब्याचं झाकण काढून आतली वजनं फिरवून बघितली. मोकळी होती. बुश नवाच्या नवा होता. मग त्यांनी हाताच्या वरच्या बाजूची स्प्रिंग पुसायला घेतली आणि बोटांना काहीतरी वेगळं लागलं. तार जाड. लांबी कमी. त्यांनी चिंधीने दोन हात मारले, स्प्रिंग उघडी पडली, आणि मिस्त्री ओरडले.

"ही माझी नाही!"

ते हसत होते. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "अगं, ही माझी नाहीच! मी ठेवली होती ती लांब, बारीक तारेची. ही बघ केवढी जाड! कुणीतरी बदललीय! मी गेल्यावर बदललीय! मी नाही, इन्स्पेक्टर, मी नाही केलं हे!"

त्यांनी पक्कडीने हूक सोडवला, स्प्रिंग काढली आणि लेकीच्या तळहातावर ठेवली, परीक्षेतला पहिला नंबर दाखवावा तशी. ठेवता ठेवता त्यांच्या अंगठ्याने तिच्यावरचं उरलेलं तेल पुसलं गेलं. वेटोळ्यांच्या आतल्या बाजूला रंग होता. पोपटी हिरवा.

मिस्त्रींचं हसू अजून तोंडावरच होतं. तो रंग त्यांनी स्वतः डबा आणून, ब्रशने, त्याच वर्कशॉपच्या दारात लावला होता, शाळेत जाणाऱ्या मुलीच्या सायकलला. स्टँडची स्प्रिंग काढून ठेवायचा कंटाळा केला होता, म्हणून तिच्यावरही रंग लागला होता.

त्यांनी वर बघितलं. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"त्याने विचारलं होतं," ती म्हणाली. इतक्या हळू, की मिस्त्रींना कान पुढे न्यावा लागला. "तुझ्या जुन्या सायकलचं स्टँड लागतंय का तुला म्हणून. मी म्हटलं, घे, गंजतच पडलंय. कशाला हवंय ते विचारलं पण नाही."

"पोरी—"

"त्याच्या आधी म्हणत होता, बाबांना बोलावतो. जाड ओंडका लावला की इंजिन बसतं, बाबा स्प्रिंग आणणार होते. मी म्हटलं..." तिने ओठ चावला. "मी म्हटलं, दर वेळी बाबांकडे काय धावतोस? तुला हात नाहीत का? मला लाज वाटते, म्हटलं. हसला. म्हणाला, आहेत की."

ती स्प्रिंगकडेच बघत होती. मिस्त्रींनी समजावून सांगायची गरज नव्हती. बापाच्या मांडीवर बसून शिकलेली ती.

"वजनांना ही ओढवलीच नसणार," ती म्हणाली. "ओंडका पात्यावर होता तोवर छान चाललं असेल. जोर वाढल्यासारखा वाटला असेल. ओझं उतरलं आणि हिने सोडलंच नाही."

"त्याला कसं कळणार? कुणालाच कळलं नसतं. मी स्प्रिंग वेळेवर—"

"खूश होता बाबा तो. सकाळी चहाला आला ना, शीळ घालत होता. आज एक गंमत दाखवतो म्हणाला."

आणि ती ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसली, भुशात. रडली नाही. नुसती उघड्या डोळ्यांनी बसली. मिस्त्रींच्या तोंडावरचं हसू आता कुठे पुसलं गेलं. ते किती वेळ तिथे राहिलं होतं, तिला ते किती वेळ दिसलं होतं, ते त्यांना कळेना. पिन राहिलेली निघाली असती तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. आयुष्यात एकदा तरी पिन विसरायला काय झालं होतं मला?

ओरडण्याचा आवाज थोरल्याच्या कानावर गेला होता. तो ढिगावरून उतरून आला.

"काय निघालं?" त्याने विचारलं.

लेकीने मूठ मिटली. स्प्रिंग तिच्या मुठीत गेली. मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं, मग थोरल्याकडे. याच घरात तिला राहायचं होतं, याच माणसाच्या ताटाशेजारी तिचं ताट लागणार होतं. धाकट्या भावाला याने अंगाखांद्यावर खेळवलेलं. तुला हात नाहीत का, हे शब्द याच्या कानी पडले तर तो ते कधी विसरेल?

"पिन," मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडून वाकवायची राहिली होती. निसटली."

बोलताना ते पिनेच्या समोर उभे होते, अंगाने ती झाकून.

लेकीने मान वर केली. तिचं तोंड उघडलं. मिस्त्री वाट बघत राहिले आणि मनात म्हणत राहिले, बोलू नकोस. आणि त्याच मनात, खोल कुठेतरी, बोल गं, असंही काहीतरी म्हणत होतं. तिचं तोंड मिटलं. 

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो," थोरला म्हणाला. मिस्त्रींना वाटलं आता हा अंगावर येणार. तो आला नाही. मागे वळला, पहिल्याच ओंडक्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडायला लागला. भाऊ गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता, सगळं तोच निस्तरत होता. आता कुणीतरी चूक कबूल केली आणि त्याला रडायला जागा मिळाली. बऱ्याच वेळाने तो तोंड पुसत म्हणाला, "नीट करा आणि जा. घेणाऱ्याला चालू करून दाखवायचाय. परत या दारात येऊ नका."

मिस्त्रींनी ट्रॅक्टरच्या सीटखालची हत्यारांची डबी उघडली. मूळची स्प्रिंग तिथेच होती. जावयाने ती फेकली नव्हती. फडक्यात गुंडाळून, वर दोरा बांधून ठेवली होती, बाबांना परत द्यायची म्हणूनच बहुधा. मिस्त्रींनी दोरा सोडला. ताण लावून बघितला. थकलेली होती, पण होती. तिचं एक वेटोळं कमी करून त्यांनी नवा हूक वळवला, जागेवर बसवली, वेगाच्या लीव्हरचा स्क्रू थोडा आवळला. भागांची नावं आता कुणाला सांगायची नव्हती. लेक मघाशीच उठून घरात गेली होती, मूठ मिटलेलीच.

इंजिन पहिल्या दोन वेळा फुरफुरलं आणि तिसऱ्यांदा लागलं. मिस्त्रींनी लीव्हर पुढे नेला, मागे आणला. लाकडी फळी पुलीवर दाबून ओझं दिलं. इंजिन क्षणभर दबलं आणि सावरलं. फळी काढली. वेग जरासा वर गेला आणि लगेच खाली येऊन स्थिरावला. एक सूर. दिवसभर ऐकत बसावा असा.

थोरला ते ऐकत उभा होता. "हेच तेव्हा केलं असतं तर?" तो म्हणाला.

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि पेटी उचलली.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळीकडे झाली. आधी लोक पाठीमागे कुजबुजत, आता तोंडावर बोलायला मोकळे झाले. जुनी गिऱ्हाइकं यायची बंद झाली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मिस्त्रींनाही म्हणता येईना. त्यांच्या जागी मी असतो तर मीसुद्धा आलो नसतो, ते बायकोला म्हणाले.

बायकोने ऐकून घेतलं नाही. "तुम्ही पिन विसरणारे नाही. संसार केलाय मी तुमच्याशी. कुलूप लावून पाच पावलं गेल्यावर परत येऊन ओढून बघणारा माणूस तुम्ही. काय निघालं तिथे, खरं सांगा."

"पिन."

"मग ती का येत नाही अजून? कबूल केलंत ना? आता कशाला रागावलीय?"

"पिन म्हणून सांगितलं ना एकदा!" मिस्त्री एवढ्या मोठ्याने ओरडले की ती दचकून मागे सरली. तिच्यावर ते असे कधी ओरडले नव्हते. त्यानंतर तिने विचारलं नाही, पण तिच्या डोळ्यांतला प्रश्न जाईना.

मनातला गव्हर्नर उघडायचं मात्र थांबलं होतं. आता सगळं लख्ख होतं. पिन घातली होती, पाय वाकवले होते, डावा जरासा जास्त. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यांतलं दुसरं तोंड दाखवत नव्हतं. पिनेच्या जागी आता त्यांना आपलाच आवाज ऐकू यायचा, ही माझी नाही, मी नाही केलं हे. लेकीच्या नवऱ्याचा जीव घेणारी वस्तू हातात धरून आपण हसलो होतो. तिचं काय झालं हे कळण्याआधी आपण सुटलो याचा आनंद आपल्याला झाला होता. तो आनंद किती खरा होता! तेवढा खरा आनंद त्यांना अलीकडे कशानेच झाला नव्हता.

एकदा धीर करून ते वखारीच्या मागच्या दाराशी गेले. लेक भांडी घासत होती. त्यांना बघून तिने नळ बंद केला, पण जागेवरून उठली नाही.

"तुझा काही दोष नाही," मिस्त्रींनी वाटेत जुळवून ठेवलेलं एका दमात म्हणून टाकलं. "असं बायको नवऱ्याला बोलतेच. तुझी आई मला रोज बोलते. मी स्प्रिंग आणायला उशीर केला. मी म्हटलं होतं शोधतो आणि शोधली नाही. अर्धी चूक तर माझीच—"

"बाबा, आता वाटून नका घेऊ."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मी भाऊजींना सांगू का? खरं काय ते?"

"नको. अजिबात नको. झालं ते झालं. मला काय, माझं आता राहिलंय किती."

"मग मला तुमच्याकडे बघता येत नाही." ती भांड्याकडे बघत बोलत होती. "आधी वाटायचं तुम्ही केलंत, म्हणून बघवत नव्हतं. आता तुम्ही माझं अंगावर घेतलंत आणि मी घेऊ दिलं. तोंड उघडलं होतं मी, तुम्ही बघितलंत. शब्द आला होता इथपर्यंत. मीच गिळला. तुम्ही समोर आलात की मला तेच दिसतं. रोज कसं बघायचं ते?"

"मग मी..."

"काही दिवस येऊ नका. आईला मी भेटत जाईन."

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

तिने नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ती काही म्हणाली की नाही, ते त्यांना कळलं नाही.

ट्रॅक्टर तोवर विकला गेला होता. कुणी घेतला, कुठे नेला, मिस्त्रींनी चौकशी केली नाही. चालत असणार. तसाच एका सुरात.

लेक आता येते आईला भेटायला. दुपारची, बाबा घरी नसतील अशा वेळी. निघण्याआधी आईला शेजारच्यांच्या फोनवर कळवते. बायको मग सहज म्हटल्यासारखं म्हणते, "आज ती येतेय." मिस्त्री चप्पल पायात सरकवतात आणि बाहेर पडतात. जायला ठिकाण नसतं. वर्कशॉपला कुलूप आहे. बाजाराच्या टोकाशी एक बाक आहे, तिथे बसतात. ओळखीचं कुणी दिसलं तर उठून चालायला लागतात, कामाला निघाल्यासारखे.

परवा ती नेहमीपेक्षा लवकर निघाली असावी, कारण बाकावर बसल्या बसल्याच त्यांना ती समोरून येताना दिसली. हातात पिशवी, आईने दिलेलं काहीतरी त्यात. अंगाने थोडी भरल्यासारखी वाटली, की त्यांना तसं वाटावंसं वाटलं कुणास ठाऊक. तिने त्यांना पाहिलं होतं. पावलं एकदा अडखळली. मिस्त्री उठून उभे राहिले, मग आपण उभे का राहिलो ते न कळून तिथेच थांबले. मधून एक हातगाडी गेली, मागून सायकलवाले गेले. रस्ता मोकळा झाला तेव्हा ती पलीकडच्या कडेने पुढे गेली होती आणि तिची पाठ दिसत होती.

ती दिसेनाशी होईपर्यंत ते थांबले. मग घरी आले.

"आत्ताच गेली," बायको म्हणाली. "जरा आधी आला असतात तर भेटली असती. कुठे होतात?"

"काम होतं," मिस्त्री म्हणाले आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.